भरत कोणी व्हायचं?

भरताची गोष्ट मी आजीकडून ऐकली, कीर्तनात ऐकली, रविवारी सकाळी दूरदर्शनवर पाहिली. पण माझ्या मनातून जात नाही ती वेगळ्याच जागी ऐकलेली. साल २०१०, तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर लिंबाच्या सावलीत. सांगत होते माझे थोरले चुलते. ऐकत होत्या माझ्या दोघी बहिणी. चुलत्यांच्या हातात हक्कसोडपत्र होतं.

धाकटीनं विचारलं होतं, "दादा, ह्यात काय लिहिलंय?"

प्रश्न मला होता. उत्तर चुलत्यांनी दिलं, "अगं, भरतानं भावासाठी अख्खं राज्य सोडलं. तू सहा एकराचं काय घेऊन बसलीस?"

धाकटी गप्प झाली. ताईनं तर काही विचारलंही नाही. "कुठं करायची सही?" एवढंच म्हणाली आणि पदर सावरून पुढं झाली.

मी तिथंच उभा होतो. मीही काही बोललो नाही.

त्या दिवशी जे झालं ते आमच्या भागात घरोघरी होतं, म्हणून त्यावर लिहितो आहे. वडील जातात, तेराव्यानंतर वारस नोंद होते, सातबाऱ्यावर बहिणींची नावं चढतात आणि शाई वाळायच्या आत ती उतरवायची घाई सुरू होते. घाई करताना कायद्याचं नाव कोणी घेत नाही. त्या वेळी सगळ्यांना रामायण आठवतं.

आता जरा रामायणच नीट बघू.

भरत आजोळी होता. इकडं अयोध्येत कैकेयीनं दोन वर मागितले, राम वनवासात गेला, दशरथानं प्राण सोडला. भरत परतला तेव्हा गादी त्याची होती. त्यानं ती मागितली नव्हती, पण हातात तर आली होती. ती त्यानं घेतली नाही. चित्रकूटपर्यंत गेला, रामाला परत चल म्हणाला, राम येईना तेव्हा पादुका घेऊन आला आणि नंदिग्रामात राहून चौदा वर्षं भावाचं राज्य भावाच्या नावानं सांभाळलं.

म्हणजे गोष्टीत सोडणारा कोण? ज्याला मिळालं तो.

मग लिंबाखाली भरत कोणी व्हायला हवं होतं? ज्याच्या नावावर सहा एकर होणार होते, त्यानं. म्हणजे मी. चुलत्यांनी दाखला बरोबर दिला, माणसं चुकीची निवडली. घेणाऱ्याला रामाच्या जागी बसवलं आणि जिच्या हातात अजून काही आलंच नव्हतं तिला सांगितलं, तू भरत हो.

जे हातात आलं नाही ते सोडलं कसं म्हणायचं? भरताचा त्याग मोठा, कारण गादी खरोखर त्याची झाली होती. बहिणीच्या नावावर जमीन पुरती लागलेलीही नसते, ती तिनं पायाखाली घातलेली नसते, तिचं पीक घेतलेलं नसतं. तिच्या तोंडून वदवलेल्या नकाराला त्याग म्हणणं हा भरताचाही अपमान आहे.

महाभारताचा दाखला मात्र अशा वेळी कोणी देत नाही. पांडव पाच गावांवर समाधान मानायला तयार होते आणि दुर्योधन सुईच्या टोकावर मावेल एवढीही माती द्यायला तयार नव्हता. त्या गोष्टीत वाटा मागणारे बरोबर आहेत आणि नाकारणारा खलनायक आहे. हिस्सा मागणाऱ्या बहिणीला आपण कधी पांडव म्हटलंय का?

त्याच महाभारतात विकर्ण नावाचा एक भाऊ आहे, शंभरातला एक. द्रौपदीला सभेत ओढून आणलं तेव्हा भीष्म-द्रोणांची वाचा बसली. हा तरुण उठला आणि स्वतःच्या सख्ख्या भावांसमोर म्हणाला, हे चूक आहे. त्याचं कोणी ऐकलं नाही, पण तो बोलला. आमच्या लिंबाखाली दहा-बारा माणसं होती. त्यात विकर्ण नव्हता.

होती ती माझी बायको. परतीच्या वाटेवर म्हणाली, "त्यांना वाचून तरी दाखवायचं होतं." मी तिला म्हणालो, "तुला आमच्यातलं काय कळतंय." हे वाक्य आज लिहितानाही हात जड होतो.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. आमच्या शाळेत त्यातले धडे होते आणि रडत वाचले नाहीत असं पोर वर्गात नव्हतं. त्यात श्याम खाऊचे पैसे साठवतो आणि धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो. आम्ही त्यावर निबंध लिहिले, बंधुप्रेमावर वीस-वीस ओळी. पण त्या पुस्तकातलं आणखी एक प्रकरण आम्हाला कोणी डोळे उघडे ठेवून वाचायला लावलं नाही. भाऊबंदकीमुळं श्यामच्या आईवडिलांना मोठं घर सोडावं लागतं. माहेरच्या आसऱ्यानं राहणं आईला सोसत नाही. स्वतःची झोपडी का होईना, पण स्वतःची हवी, असा ती हट्ट धरते. 'श्यामची आई' म्हटलं की आपल्याला तिची माया आठवते. तिला स्वतःच्या नावाची चार हात जागा हवी होती, हे आठवत नाही.

इथंही कोट देणारा कोण? मोठा. घेणारा कोण? धाकटा. भावंडांच्या ज्या ज्या गोष्टींवर आपण वाढलो, त्यात ज्याचा हात वर आहे तो देतो. भरत देतो, श्याम देतो, द्रौपदीला वस्त्रं पुरवणारा कृष्ण देतो. गोष्टी सरळ आहेत. घरी आणताना त्या आपण उलट्या केल्या.

आमच्या घरात पहिलं हक्कसोडपत्र २०१० साली झालं, असं मी बरीच वर्षं समजत होतो. तसं नव्हतं. ताई सातवी पास झाली तेव्हा वडील म्हणाले, दोघांना तालुक्याला ठेवणं झेपायचं नाही. मी वसतिगृहात गेलो. ताई रोजगाराला गेली, विहिरीच्या कामावर माती उपसायला. तिच्या आठवड्याच्या मजुरीतून माझी वह्या-पुस्तकं यायची. त्या कागदावर मुद्रांक नव्हता, साक्षीदार नव्हते, म्हणून आम्ही त्याला काही नाव दिलं नाही. तिला गणित माझ्यापेक्षा चांगलं यायचं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

पुढं शहरात नोकरीला लागल्यावर महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' वाचलं. १९८५ साली विजया मेहतांनी रंगमंचावर आणलेलं नाटक. विदर्भातला देशपांड्यांचा वाडा, वडील गेलेले, मुंबईचा सुधीर बायकोला घेऊन आलेला, गावात राहिलेला मोठा भास्कर, राबणारा चंदू आणि शिकायची ओढ असूनही घरात अडकून पडलेली प्रभा. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर. दिवसकार्याचा खर्च कोणी करायचा, यावरून भावाभावांत शब्दाला शब्द लागतो. मी पुस्तक मिटलं ते प्रभाच्या एका प्रसंगावर, आणि चार दिवस उघडलं नाही. नागपूरकडच्या ब्राह्मणाचा वाडा आणि माणदेशातलं आमचं धाब्याचं घर, दोन्हीत काही म्हणता काही सारखं नाही. पण प्रभा आमच्याकडं होती. ती आमच्या घरात भाकरी थापत होती.

एलकुंचवारांनी भावंडांना थोर केलं नाही आणि दुष्टही केलं नाही. त्यांना हिशेब करताना दाखवलं. मला त्या नाटकातली माया खरी वाटली ती त्यामुळंच. पैशाचं बोलणं निघालं की माया आटते असं आपण मानतो. माझं मत अनुभवानं उलटं झालं आहे. हिशेब बोलला गेला नाही की माया आतून कुजते, आणि वास यायला लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

१९९१ साली ताईचं लग्न झालं. त्याच वर्षी विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' आला. अलका कुबल रडायची आणि अख्खं थिएटर हुंदके द्यायचं. ताई माहेरपणाला आली तेव्हा आम्ही तिघं भावंडं तो बघायला तालुक्याला गेलो. येताना एसटीत ताई माझा हात धरून बसली होती. भाऊ असावा तर असा, असं तिच्या मनात असणार. मी मनात ठरवलं, आपण असा भाऊ व्हायचं.

एकोणीस वर्षांनी मी तिला साडी घेतली. हक्कसोडपत्राच्या दिवशी. आमच्याकडं पद्धतच आहे, सही झाली की बहिणींना साडीचोळी करायची. भारीतली घ्या, असं मी दुकानदाराला सांगितलं होतं. एका साडीत दोन एकर. माहेरची साडी म्हणतात ती हीच.

आणि ही सही आम्ही घेतली कधी? कायद्यानं दार उघडल्यावर. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलगा जन्मानं हिस्सेदार होता, मुलगी फक्त वडिलांच्या हिश्श्यातली वारस. राहत्या घराचं तर कलम २३ असं होतं, की भाऊ वाटणी करत नाहीत तोवर बहिणीला ती मागताच येत नव्हती. महाराष्ट्रानं १९९४ साली दुरुस्ती करून मुलींना जन्मानं हिस्सा दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. आमच्या ताईचं लग्न १९९१ चं, धाकटीचं १९९६ चं. एका आईच्या पोटच्या दोघी, एक रेघेच्या आत, एक बाहेर. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं ती रेघ पुसली आणि कलम २३ काढून टाकलं. पुढं ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं उरलीसुरली शंकाही मिटवली. मुलीचा हक्क जन्मानं आहे, २००५ साली वडील हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही.

संसदेला जे दार उघडायला ४९ वर्षं लागली, ते आम्ही एका दुपारी लावून घेतलं.

इथं वाचकांतले काही भाऊ म्हणतील, आमच्या बहिणींनी खुशीनं दिलं. असेलही. पण खुशी कशी ओळखायची ते सांगतो. जिला नाही म्हणायची सोय आहे तिच्याच हो म्हणण्याला खुशी म्हणतात. आपल्याकडं बहिणीनं हिस्सा मागितला की तिचं माहेर तुटतं. भाऊबीजेला बोलावणं येत नाही, लेकीच्या लग्नात मामा उभा राहत नाही. हे तिला कोणी सांगावं लागत नाही, तिनं शेजारच्या घरात बघितलेलं असतं. भावाची माया एका पारड्यात आणि दोन एकर दुसऱ्यात घालून आपण तिला विचारतो, काय घेतेस? ती माया घेते. मग आपण चारचौघांत सांगतो, खुशीनं दिलं.

'भाऊबंदकी' हा शब्दच बघा. भाऊपणावरून तयार झालेला आणि आपण तो भांडणासाठी वापरतो. मराठीत 'बहीणबंदकी' असा शब्द नाही. बहिणी मायाळू असतात म्हणून तो झाला नाही, असं समजू नका. बहिणींनी कधी वाटा मागितला नाही, म्हणून झाला नाही.

एक परदेशी गोष्ट सांगतो, कारण ती आमच्याच गावची वाटते. जेन ऑस्टिनची 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' १८११ साली प्रसिद्ध झाली. तिच्या सुरुवातीलाच जॉन डॅशवूड मरणाऱ्या वडिलांना शब्द देतो, की सावत्र आईला आणि तिघी सावत्र बहिणींना मी अंतर देणार नाही. मनातून ठरवतो, प्रत्येकीला एक हजार पौंड द्यायचे. मग बायको फॅनी त्याच्याशी बोलायला बसते. तीन हजारांचे दीड हजार होतात, मग वर्षासनाचा विचार निघतो, मग अधूनमधून पन्नास पौंड, आणि शेवटी ठरतं की घर हलवायला मदत करावी आणि हंगामात मासे, शिकार असलं काही पाठवावं. एका बैठकीत तीन हजार पौंडांचा वानवळा झाला.

ते प्रकरण मी दोनदा वाचलं. वाचणारा फॅनीला शिव्या देतो. आपल्या जात्यावरच्या ओव्यांतही भाऊ सोन्याचा आणि भावजय विखाची. पण शब्द जॉननं दिला होता. मोडलाही त्यानंच. भावजयीच्या नावावर ढकललं की भाऊ पुन्हा सोन्याचा होतो. आमच्या घरात तर भावजयच 'वाचून दाखवा' म्हणत होती, आणि सातबारा माझ्या नावावर झाला.

वानवळा मीही पाठवायचो. दर हंगामाला डाळिंबाची एकेक पेटी आणि ज्वारीचं पोतं, दोघींच्या घरी. दोघींच्या सासरी कौतुक व्हायचं, भाऊ किती करतो. मलाही बरं वाटायचं. २०१९ साली धाकटीचा नवरा आजारी पडला, मोठं ऑपरेशन झालं. तिनं बचत गटातून कर्ज काढलं, गळ्यातलं गहाण टाकलं. मला कळलं ते तिसऱ्याकडून, तीन महिन्यांनी. मी रागानं फोन केला, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "दादा, तुझ्याकडं मागायला मला कसंतरी वाटतं."

सख्ख्या भावाकडं मागायला तिला कसंतरी वाटलं, कारण मागण्याचा हक्क तिच्याकडून मीच लिहून घेतला होता. आणि त्याच वर्षी मी तिला डाळिंबाची पेटी पाठवली होती. तिच्याच जमिनीतलं डाळिंब मी तिला भेट म्हणून पाठवत होतो.

त्यानंतर मला झोप लागायला वेळ लागायचा. २०२१ साली मी दोघींच्या नावानं प्रत्येकी दोन एकरांचं बक्षीसपत्र केलं. ताई आधी तयारच होईना. म्हणाली, "मला नको बाबा. माझं माहेर राहू दे." तिचं ते वाक्य ऐकून मला कळलं की तीस वर्षं ती माहेराचं भाडं भरत होती. तिला समजवायला मला पाच फेऱ्या माराव्या लागल्या. सहाव्या फेरीला बायको गेली आणि ताई तयार झाली.

त्याच कार्यालयात, त्याच लिंबाखाली धाकटीनं कागद हातात घेतला. या खेपेला कोणाला काही विचारलं नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा वाचला. ताईला मोठ्यानं वाचून दाखवला. गट नंबर, चतुःसीमा, क्षेत्र, सगळं. आम्ही उन्हात थांबलो होतो. कोणी गोष्ट सांगितली नाही.

याला कोणी त्याग म्हणू नये. भरत चौदा वर्षं विश्वस्त होता. मी अकरा वर्षं मालक होतो. जे बहिणींचं होतं ते उशिरा परत गेलं, एवढंच झालं.

म्हणून भावांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो. वडील गेल्यावर बहिणींची नावं सातबाऱ्यावर लागली की ती राहू द्या. चार हंगाम जाऊ द्या. तिच्या वाट्याचं पीक तिला विकू द्या, पैसे तिच्या खात्यात येऊ द्या. त्यानंतरही तिला वाटलं की भावाला द्यावं, तर तिचं ती देईल, आणि ते देणं खरं असेल. तोवर कागद पुढं करू नका. करायचाच असेल तर आठ दिवस तिच्या घरी ठेवा, तिला आणि तिच्या मुलांना वाचू द्या. चुलते, मामा, पंच यांच्या गराड्यात सही घेऊ नका.

बहिणींनो, हक्कसोडपत्र नोंदवलं गेलं की तोंडानं परत फिरवता येत नाही. कुठं सही करायची हे विचारण्याआधी कशावर करायची ते वाचा. वाचायला वेळ मागितल्यानं जे माहेर तुटतं, ते आधीच तुटलेलं असतं.

आणि रामायण जरूर सांगा, पोराबाळांना सांगा, बहिणीलाही सांगा. फक्त सांगण्याआधी सातबारा उघडून बघा, आता तो मोबाइलवरही दिसतो. त्यावर तुमचं एकट्याचं नाव असेल, तर त्या गोष्टीतला भरत तुम्ही आहात.